खांडीची हाक

"ए, तुमच्या गावचं काहीतरी बोल ना. जोरात. पाहुण्यांना कळू दे, आपली बातमी कुठपर्यंत पोचते ते."

संपादक सर असं म्हणाले आणि काचेच्या खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आमची कंपनी मोबाईलवर शेअरबाजाराच्या बातम्या देते. आता ती स्वतःच शेअरबाजारात उतरणार होती. पाहुणे पैसे लावणारे. मी मराठी बातम्या वाचणारी, पेणच्या खाडीकडची, रोह्याला मामाकडे राहून बी.कॉम. झालेली. बाजाराबद्दल विचारतील म्हणून तयारी करून गेले होते. मला अस्वलासारखं नाचवायला बोलावलं होतं.

तोंडातून निघाली ती आयची हाक.

"खांड पडली गोऽ, धावा!"

सगळे हसले. टेबलावर हात आपटून हसले. एक म्हणाला, "सो क्यूट." सरांनी परत म्हणायला लावलं, फोनवर रेकॉर्ड केलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

भरतीच्या पाण्याने खारबांध फुटला, की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी भातात शिरलं की जमीन कैक वर्षं पिकत नाही. म्हणून ही हाक आली की जेवतं माणूस उष्ट्या हाताने धावतं. थट्टेत ही हाक मारायची नसते. लहानपणी खेळात मारली, तर आयने मला चिंचेच्या फोकाने झोडपलं होतं.

थोड्याच दिवसांत ती हाक कंपनीच्या जाहिरातीत आली. खाली अक्षरं नाचत होती: धावा, संधी सोडू नका.

भर दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर ती वाजली. आय चुलीपुढे होती. तव्यावरची भाकरी तशीच टाकून, घमेलं घेऊन, अनवाणी धावली. ओहोटी होती. बांध साबूत होता. तरी ती संध्याकाळपर्यंत खांड शोधत बांधावर फिरत राहिली. लोक हसत होते. निरोप मिळून मी घरी पोचले तेव्हा कालवांच्या शिंपल्यांनी तिचे तळपाय चिरले होते.

"ते फोनात व्हतं, आय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुजाच आवाज व्हता गो. तू खोटं कशी वरडशील?" मग हळूच म्हणाली, "आता खरी पडली, तर कोन धावंल?"

तेव्हापासून ती घास हातात धरून कान देते. मीही देते. एसटीत, लिफ्टमध्ये, कुणाचाही फोन वाजला की माझाच आवाज मला हाक मारतो, आणि त्यामागे अनवाणी पावलं धावत येतात. मला माझ्या आवाजाची भीती वाटते.

सरांना म्हटलं, जाहिरात काढा.

"आयपीओ होऊ दे गं, मग बघू. तुलाही शेअर मिळणार आहेत. आणि हो, आता दुसरी करायचीय. नऊवारीत. हातात घमेलं."

"नाय," मी म्हणाले. "मी नाय करनार."

"एवढं काय आहे त्यात?"

त्यात माझी आय आहे. अख्खं गाव आहे, जे त्या एका हाकेवर उठतं.

जाहिरात अजून चालू आहे. सरांनी राजीनामा मागितला, तो मी दिलेला नाही. पाहुणे पुन्हा येणार आहेत. तेव्हा मी न बोलावता त्या खोलीत शिरणार. खांड म्हणजे काय ते सांगणार. आयचे पाय कसे चिरले ते सांगणार. हसले, तर त्यांचं हसू संपेपर्यंत थांबणार आणि पुन्हा पहिल्यापासून सांगणार. ती हाक जाहिरातीतून उतरवल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.