कमलबाई रिसोडला सापडल्या

आमच्या जवळा बाजार गावात कमलबाई माहीत नाहीत असं घर नाही. त्यांना पाहिलेलं नसेल, पण ऐकलेलं असतंच. त्या खुरपणीच्या बायांची टोळी चालवायच्या. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून एकदा हाक मारायच्या, की दहा घरांतल्या बाया खुरपं आणि भाकरी घेऊन बाहेर. त्या आवाजात राग नसायचा, पण ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. मी दुकानात कापड बेतत असलो तरी हात थांबायचा. मला तर खुरपणीला जायचंही नसायचं.

पुढं सोयाबीनवर तणनाशकाचे फवारे आले आणि खुरपणी कमी झाली. टोळी फुटली. नवरा अमृतराव कापसाच्या जिनिंगवर कामाला, मुलगा धम्मानंद ट्रकवर. घरात कमलबाई आणि सून करुणा अशा दोघीच. आता ज्या आवाजानं अर्धं गाव उठायचं, तो घरात मीठ मागायला वापरला तर कसं होईल? करुणा म्हणायची, "आत्याबाई, मी इथंच हाय, चुलीपाशी." कमलबाई म्हणायच्या, "मी हळूच बोलून राहिले."

धनसिंग कांदे-बटाटे घेऊन छोटा ऑटो फिरवतो. एकदा त्याचा घसा बसला. तो दारात येऊन मोबाईल पुढं करत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मावशी, यात दोन शब्द बोला. मी भोंग्यावर लावतो."

"काय बोलू?"

"कांदे आले म्हना."

कमलबाईंनी मोबाईल तोंडासमोर धरला आणि त्यांना जमत होतं तसं बोलल्या. "कांदे आले. बटाटे आले. बाहेर या. उशीर करू नका. मागून म्हनू नका, सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी धनसिंगनं ऑटो गल्लीत घातला आणि भोंगा लावला. घराघरांतून बाया बाहेर आल्या. हातात खुरपं, डोक्याला फडकं, काखेत भाकरीचा डबा.

"कुनाच्या वावरात जायचंय?" एकीनं विचारलं.

"वावरात न्हाई, कांदे घ्यायचेत," धनसिंग म्हणाला.

"कमलबाई कुठंय?"

धनसिंगनं भोंग्याकडं बोट केलं. बाया थोडा वेळ भोंग्याकडं पाहत राहिल्या. आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी कांदे घेतले. दुपारच्या आत ऑटो रिकामा झाला.

बातमी पसरली. बांगड्यावाला आला, झाडूवाला आला, कुल्फीवाला आला. करुणानं हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिनं या सगळ्याचा नीट धंदा करायचं ठरवलं. दारावर पाटी लावली : 'कमल आवाज केंद्र. सर्व प्रकारची हाक भरून मिळेल.' खालचा मजकूर माझ्याकडून तपासून घेतला होता. 'आरोळी' लिहावं असं माझं मत होतं. करुणा म्हणाली, "आरोळी कुनीबी मारतं, काका. आत्याबाई हाक मारतात."

पहिली अडचण बांगड्यावाल्याच्या रेकॉर्डिंगात आली. करुणानं ते स्वयंपाकघरात बसून भरलं होतं आणि त्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या भरल्या गेल्या. बांगड्यावाला फिरायला लागला तसं, तो जाईल त्या गल्लीत बाया गॅस बंद करायला लागल्या. कमलबाईंचा आवाज, त्यानंतर तीन शिट्ट्या, कुणाला शंका येणार? त्या आठवड्यात आमच्या घरी तीन वेळा कच्ची डाळ झाली. शेवटी करुणानं शांत खोली शोधायचं मनावर घेतलं.

शेजारच्या लिंबाजीनं भाव वाढेल म्हणून कापूस विकला नव्हता. त्याची माडीखालची खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. करुणानं आत डोकं घालून टाळी वाजवली. टाळी वाजलीच नाही. म्हणजे वाजली, पण कापसानं गिळली. त्याच दिवसापासून कमलबाई कापसात छातीपर्यंत रुतून बसायला लागल्या आणि करुणा दारातून मोबाईल पुढं करायला लागली. काम झालं की कमलबाई केसांत, भुवयांत कापूस घेऊन बाहेर यायच्या. अमृतरावांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दचकून उठून उभे राहिले. आपण कामावर गेलो तेवढ्यात बायको म्हातारी झाली असं त्यांना वाटलं होतं.

धंदा चालला, पण आठवडी बाजारात नवीनच प्रकार सुरू झाला. या टोकाला कमलबाई लसूण विकायच्या, त्या टोकाला चपला, मध्ये कुल्फी आणि उंदराचं औषध. माणसं एकीकडं जाता जाता दुसरीकडं वळायची. धनसिंगच्या समोर नरसिंग नावाच्या दुसऱ्या कांदेवाल्यानंही कमलबाईंचाच आवाज लावला. एका बाजूनं कमलबाई म्हणायच्या, असे कांदे कुठं मिळायचे न्हाईत. दुसऱ्या बाजूनंही कमलबाईच म्हणायच्या, असे कांदे कुठं मिळायचे न्हाईत. बाया मध्ये उभ्या. त्यातली पेमा सरळ कमलबाईंच्या घरी आली.

"तुमी स्वता कोनते घेतले ते सांगा," ती म्हणाली.

कमलबाई म्हणाल्या, "आमच्या घरचे संपले न्हाईत अजून."

कलिंगडवाल्यानं तर जास्तच तकलीफ दिली. लाल निघेल असं कमलबाईंनी भोंग्यावर सांगितलं होतं. एका घरी पांढरं निघालं. त्या घरच्या माणसानं कापलेलं कलिंगड कलिंगडवाल्याकडं नेलं नाही, कमलबाईंच्या ओट्यावर आणून ठेवलं. "तुमच्या तोंडाकडं पाहून घेतलं," तो म्हणाला. कमलबाईंना फार लागलं. त्यांनी त्याला आत बसवून चहा पाजला आणि कलिंगडवाल्याला बोलावून हाक नव्यानं भरली. "कलिंगड आलेत. हा म्हनतो लाल हायेत. मी आत जाऊन पाहिलेलं न्हाई. कापून बघा मगच घ्या." कलिंगडवाल्यानं तोंड वाकडं केलं. पण त्या दिवसापासून त्याची गिऱ्हाइकं वाढली. मग बाकीचेही मागायला लागले, आम्हालाबी तसंच खरंखरं भरून द्या.

असं सगळं बरं चाललेलं असताना धम्मानंदचा फोन आला. तो ट्रक घेऊन वाशीम जिल्ह्यात होता.

"आई रिसोडला काहून आली?" त्यानं करुणाला विचारलं.

"आत्याबाई इथं भाकरी करून राहिल्या."

"मग इथं भंगार कोन मागून राहिलं?"

त्यानं फोन खिडकीबाहेर धरला. करुणानं तो कमलबाईंच्या कानाला लावला. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं : जवळा बाजारकरांनो, मोडकं-तोडकं घरात ठेवू नका, बाहेर आना, सांगून ठेवते. आमच्या गावातल्या भंगारवाल्याला भरून दिलेली हाक होती ती, शब्द न शब्द तीच.

"मीच हाय की," कमलबाई म्हणाल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रिसोडला कधी गेलेच न्हाई."

करुणाला संताप आला. कुणीतरी मोबाईलातून मोबाईलात आवाज पाठवला होता, हे उघड होतं. तिचं म्हणणं, जाऊन त्या माणसाला धरायचं. कमलबाईंनी मात्र लग्नाला नेसायचं लुगडं काढलं. "आपलंच मानूस परगावी गेलंय," त्या म्हणाल्या, "पाहून यावं."

दोघी हिंगोली, सेनगाव करत एसटीनं रिसोडला पोचल्या. स्टँडवर उतरून कान देऊन उभ्या राहिल्या. आवाज येत होता, पण कोणत्या बाजूनं ते कळेना. एका गल्लीत शिरावं तर तो पुढच्या गल्लीत. पुढच्या गल्लीत जावं तर मागून येतोय. एका दारातल्या बाईला करुणानं विचारलं, "भंगारवाला कोनीकडं गेला?"

"भंगारवाला काऊन म्हनता? बाई हाय ते," ती म्हणाली. "मोठी कडक बाई हाय. आमचे हे पाच वर्सं फुटका कूलर देत नव्हते. तिनं तीनदा सांगतलं, गुपचूप दिला."

"तुमी पाह्यली का तिला?" कमलबाईंनी विचारलं.

"पाह्यली नाई. पन उंच असन."

कमलबाई पाच फुटांच्या आत आहेत.

शेवटी हनुमान मंदिरामागं टेम्पो सापडला. टेम्पोवर पिवळ्या रंगात मोठं लिहिलेलं : 'जवळा बाजार भंगार सेंटर, रिसोड'. चालवणारा प्रभू नावाचा तिशीतला माणूस होता. करुणानं त्याला भोंगा बंद करायला लावला.

"हा आवाज आमचा हाय," ती म्हणाली.

"कोनाचा?"

"यांचा." तिनं सासूकडं हात केला.

प्रभूनं कमलबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो भला माणूस होता, त्याला कुणाला खोटं पाडायचं नव्हतं. "मावशी, बोलून दाखवा बरं," तो म्हणाला.

"काय बोलू?" कमलबाई म्हणाल्या.

प्रभूनं मान हलवली. "जुळतो थोडाफार. पन तुमचा बारीक हाय."

आता गल्लीतली माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, ओरिजनल जास्त भारदस्त आहे. दुसरा म्हणाला, बहीण असेल. करुणानं आधारकार्ड काढलं, पण त्यावर आवाज कुठं असतो. ती रडकुंडीला आली. कमलबाईंनी पदर खोचला, दोन पावलं मागं सरल्या आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. टोळी बोलवायला राहायच्या तशाच.

"जवळा बाजारकरांनो, मोडकं-तोडकं घरात ठेवू नका. बाहेर आना. सांगून ठेवते."

आधी कुत्री गप्प झाली. मग एकेक दार उघडायला लागलं. कुणी गंजलेली कढई आणली, कुणी सायकलचं चाक, एकानं तर चालू पंखा आणला. त्याची बायको मागून ओरडत होती, तो चांगला आहे म्हणून. तो म्हणाला, "आता बोलावलंय तर देऊन टाकू."

प्रभूनं हात जोडले. "चुकलो, मावशी. ते मोबाईलवर आलं, मला वाटलं कंपनीचं असन."

त्यानं दोघींना टेम्पोच्या सावलीत बसवून चहा आणि गरम भजी मागवली. करुणानं सांगितलं, निदान गावाचं नाव बदलून घ्या, आम्ही 'रिसोडकरांनो' असं भरून देतो. प्रभू यावर घाबरला. "नका, ताई. लोकायले जवळा बाजार म्हनजे कंपनी वाटते. गेल्या महिन्यात मी तो शब्द काढून पाह्यला, तर कोनी बाहेर आलं नाई. आता तर इथल्या बाया दारातूनच म्हनतात, थांबा हो, जवळा बाजारकर येऊन रायले."

कमलबाईंना हे पटलं. त्यांनी त्याला हाक वापरायची परवानगी दिली. फक्त चालू वस्तू घ्यायची नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि पंखा परत करायला लावला.

परत आल्या तर लिंबाजीच्या दारात टेम्पो उभा. कापसाला भाव आला होता. माणसं गाठोडी बांधत होती आणि करुणाची शांत खोली गाडीत भरली जात होती. लिंबाजी बिचारा अपराध्यासारखा उभा राहिला. "भाव आला, पोरी, मी काय करू?" करुणा रिकाम्या खोलीत गेली, टाळी वाजवली. चार वेळा ऐकू आली. त्यानंतर काही दिवस कमलबाई रजईत डोकं घालून हाका मारायच्या. उकाड्यानं जीव घाबरा व्हायचा आणि हाकेत धाप यायची. चपलावाला म्हणाला, तुमी पळत पळत विकून राहिल्यासारखं वाटतंय.

करुणानं सहज म्हणून हे प्रभूला फोनवर सांगितलं. तो दुसऱ्याच आठवड्यात टेम्पो घेऊन हजर. आत जुन्या गाद्या. लॉजच्या, दवाखान्याच्या, कुणाच्या हुंड्यातल्या. लिंबाजीनं खोली देऊन टाकली आणि त्या गाद्या भिंतींना उभ्या ठोकल्या. वरही एक ठोकली. आत गेलं की माणसाला आपोआप जांभई येते, पण हाक स्वच्छ भरली जाते. आता शिरड शहापूर, साखरा, कुठूनकुठून लोक येतात.

परवाची गोष्ट. मी करुणाच्या पडद्याचं माप घ्यायला गेलो होतो. शिरड शहापूरहून चांगुणाबाई नावाच्या धनगराच्या घरच्या बाई आल्या होत्या. त्यांच्या बकऱ्यांना भंगारवाल्याच्या भोंग्यामागं जायची सवय लागली होती.

"माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतात," त्या कमलबाईंना म्हणाल्या. "माझाच आवाज भरून द्या. भोंगा मी बी घेते."

कमलबाई पहिल्यांदाच मोबाईलच्या मागच्या बाजूला बसल्या. "बोला," त्या म्हणाल्या. चांगुणाबाई गादीकडं पाहत लाजून उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द निघेना. शेवटी म्हणाल्या, "बकऱ्याच समोर न्हाईत, तर कोनाला बोलू?"

मग धनसिंगचा ऑटो बोलावला. बकऱ्या आल्या. खोलीचं दार लावून घेतलं. आत दोन बाया, एक मोबाईल आणि सात-आठ बकऱ्या. चांगुणाबाईंची हाक मोठी सुरेख निघाली, मी बाहेरून ऐकली. मधेच कमलबाई कुणाला तरी म्हणाल्या, "ती गादी खाऊ नको, पोरी, दवाखान्यातली हाय." तेही त्यात भरलं गेलं. करुणा ते कापायला निघाली होती, पण चांगुणाबाईंनी राहू दे म्हटलं. तेवढं ऐकलं की बकऱ्या थांबून मान वर करतात म्हणे.