गोविंदअण्णा उंबऱ्यावर बसले ती सकाळ

अण्णांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी लिही, असा आमच्या मराठी मंडळाचा फोन मस्कतला आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. शिक्षण आठवीपर्यंत, त्यात एका जागी मी कुठं टिकलोय? पण त्यांची माझी पहिली ओळख कशी झाली, ते माझ्याशिवाय कोण सांगणार?

राजाजीनगरच्या आमच्या घरी त्या सकाळी पाणी काढून ठेवलं होतं. माझी बहीण लता हिनं आदल्या दिवशी जातीबाहेर लग्न केलं होतं. बाबा तिच्या नावानं अंघोळ करणार होते, म्हणजे ती आम्हाला मेली. तिचा फोटो भिंतीवरून मीच काढला. त्या मुलाचे पाय मोडतो, असं ओरडतही मीच होतो.

तेवढ्यात चिकपेटेच्या बाजारात ब्लाउज शिवणारे गोविंदअण्णा न बोलावता आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"अण्णा, आत या," आई म्हणाली.

"नको अक्का. स्वल्प ऐका, मग उरकू दे तुमचं. माझ्या लेकीनं, शोभीनं, असंच केलं होतं. मी नुसती अंघोळ नाही केली, पिंडही दिला. ती तिकडं बनशंकरीत तिच्या घरी भाजी निवडत होती आणि मी इथं तिचा दहावा घालत होतो. पुढं बाळंतपणात ती खरंच गेली. भटजींकडं गेलो, तर म्हणाले, 'तिचं सगळं झालंय की!'"

चुलते म्हणाले, "स्वतःचं घर मोडलं, आता लोकांची सांभाळताय होय?"

"होय. तेवढंच उरलंय."

बाबा अंघोळ न करताच बाहेर निघून गेले. आईनं त्या पाण्यात कपडे भिजवले. अण्णांनी माझ्याकडं बघून इतकंच विचारलं, "खिळा आहे ना अजून भिंतीत?"

असे ते किती उंबऱ्यांवर बसलेत, मला ठाऊक नाही. एका घरी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं, ते मी पाहिलंय. गळ्यातली मापाची टेप पिळत उठले आणि दुकानात जाऊन मशीनवर बसले. त्या घरानं ऐकलं नाही. लताच्या डोहाळजेवणाचा ब्लाउज मात्र त्यांनी स्वतः शिवून पोचवला. मी मस्कतला निघालो तेव्हा म्हणाले, "बहिणीला दर आठवड्याला फोन कर. भांडायला का होईना."

आता मंडळ अशा जोडप्यांना स्टेजवर बोलावतं, फोटो काढतं. काळ बदलला म्हणतात. बाबांनी लताच्या घरचं पाणी अजून घेतलेलं नाही.

या लेखात काय लिहू, असं मी अण्णांना विचारलं. म्हणाले, "शोभीचं आधी लिही. ते गाळलंस तर माझं नावही गाळ." म्हणून लिहिलं.

अण्णांचे गुडघे आता दुखतात. बसले की उठायला हात लागतो. देवानं त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य द्यावं. अण्णा, पुढच्या सुट्टीत मी येतोय. बाबांना लताच्या दारापर्यंत न्यायचंय. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही. उठताना हात मी देईन.