अर्ध्यावर अडकलेली लिफ्ट

पारनेरच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. शाळेच्याच जिन्यावरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्यानंतर आमच्या पुढच्या खोलीत माझी कॉट लागली. खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी आणि शेवग्याचं झाड दिसायचं. तेवढंच माझं गाव.

बाहेर न्यायचं म्हटलं तर उचलून न्यावं लागे. एकदा लग्नाला जाताना चौघांनी मला जीपमध्ये बसवलं, तेव्हा माझ्या मांडीचं हाड मोडलं. मला दुखलं नाही, कळलंसुद्धा नाही. मी लग्नात फोटो काढून घेतले, बासुंदी खाल्ली. संध्याकाळी पाय टम्म सुजला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाडं कागदासारखी झालीत. असं उचलायचं नाही, अजिबात नाही." तेव्हापासून यांनी कुणालाही मला हात लावू दिला नाही. आणि दुसरी अडचण होती ती संडासची. सुप्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेला हा माणूस, नोकरी सोडून माझं सगळं करत होता, पण रस्त्यात कुठं करणार? प्रवास म्हटला की मी आदल्या दुपारपासून पाणी बंद करायचे.

म्हणून कॅरॅव्हॅन. मोबाईलवर मीच शोधली. आत पलंग, शेगडी, चाकाची खुर्ची जाईल एवढा संडास आणि मागच्या दाराला लोखंडी पाट्याची लिफ्ट. बटण दाबलं की पाटा जमिनीवर येतो, खुर्ची त्यावर घ्यायची, पुन्हा बटण, की तुम्ही आत. कुणाचा हात नको. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की हे म्हणाले, "अगं, डोळे जातील."

माझ्या फंडाचे पैसे होते, यांचे काही होते. पुण्याच्या रस्त्यावर एक विक्रेता अशा गाड्या बांधून द्यायचा. कंपनीची नवी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि आतून घर करून विकायची, हा त्याचा धंदा. तिथला माणूस फार गोड बोलला. "मॅडम, तुम्ही फक्त बटण दाबायचं. बाकी सगळी आमची जबाबदारी." हे 'आमची' म्हणजे नेमकं कुणाची, ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

गाडी दारात आली तेव्हा आळीतल्या बायका गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "मास्तरीनबाई, शूटिंग हाय का काय?" नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सुप्याच्या माळावर पवनचक्क्या आहेत तिकडं गेलो. हे बाहेर दगडावर बसून राहिले आणि मी आत एकटी संडासला गेले. दार माझं मी लावलं. कडी माझी मी घातली. बाहेर आले तेव्हा माझ्याकडं बघून हे घाबरले, कारण मी रडत होते. मग चहा केला. वारा इतका होता की शेगडी दोनदा विझली. त्या दिवसाइतकी सुखी मी पडल्यानंतर कधीच झाले नव्हते.

आठवड्यातच पलंगाखाली पाणी दिसलं. टाकीचा सांधा गळत होता. प्लायवूड फुगलं, कपाटाची दारं लागेनात. संडासच्या टाकीचा वास आत यायला लागला. लिफ्ट कधी बटण ऐकायची, कधी नाही. खाली जाताना मध्येच एक हिसका द्यायची. हे गाडी घेऊन विक्रेत्याकडं गेले. त्यांनी ठेवून घेतली, बऱ्याच दिवसांनी परत दिली. पाणी गळायचं थांबलं आणि छताचा दिवा बंद पडला. पुन्हा नेली. पुन्हा आणली. लिफ्टचा हिसका तसाच. फोन केला की तो गोड माणूस म्हणायचा, "लिफ्ट आम्ही बनवत नाही ना सर, ती दुसऱ्या कंपनीची. त्यांना बोला." लिफ्टवाले म्हणायचे, "बसवणाऱ्यानं चुकीची बसवली असेल." मूळ गाडीच्या कंपनीनं सांगितलं, "तुम्ही गाडीत बदल करून घेतलेत, आता वॉरंटी आमच्याकडं नाही." हे फोन ठेवून माझ्याकडं बघायचे. मग पुढचा नंबर लावायचे.

तेवढ्यात शेवगावहून भावाचा फोन आला. आईनं जेवण सोडलं होतं. "आक्का, ती सारखी तुझंच नाव घेती. एक डाव येऊन जा."

मी पडल्यापासून आईला पाहिलं नव्हतं. तिला प्रवास झेपत नव्हता, मला जमत नव्हता. हे म्हणाले, "लिफ्टचा भरवसा नाही." मी म्हटलं, "हिसका देते, पण चालते ना? चला."

नगर ओलांडून शेवगावला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. भावाच्या दारात गाडी उलटी लावली. शेजारीपाजारी जमले. मी खुर्ची पाट्यावर घेतली, पट्टे आवळले, बटण दाबलं. पाटा वीतभर खाली गेला, कडाड आवाज झाला आणि तो बाहेरच्या बाजूला कलला. मी पट्ट्यांत लोंबकळत राहिले. खाली भावाच्या अंगणातली फरशी दिसत होती. हे आतून ओरडले, "हात लावू नका कुणी! तिला उचलू नका!" त्यांनी मागून खुर्ची धरली. भाऊ खालून पाट्याला खांदा देऊन उभा राहिला. लिफ्ट बंद पडली तर हातानं फिरवायला एक हँडल दिलेलं असतं. यांनी ते फिरवलं, ते नुसतंच गरगर फिरलं. शेवटी दोघांनी मिळून खुर्ची कशीबशी मागं आत ओढली. पाटा तसाच तिरका लटकत राहिला. त्याचे बोल्ट गाडीच्या तळाच्या प्लायवूडसकट उपसून आले होते.

मी आत, आई घरात. मध्ये पंधरा-वीस पावलांचं अंगण.

चौघं मला उचलायला तयार होते. हे हात जोडून नको म्हणत होते. मीच म्हटलं, "आईलाच बाहेर आणा." तिची खाट चौघांनी धरून आणली आणि गाडीच्या मागच्या दाराशी ठेवली. ती एवढीशी झाली होती. उन्हामुळं तिनं डोळे मिटून घेतले होते. भावजय तिच्यावर छत्री धरून उभी राहिली.

आई म्हणाली, "आलीस व्हय? मग खाली ये की. अशी वर काय बसलीस पाहुन्यावानी?"

"येता येत नाही गं आई. लिफ्ट मोडली."

"काय मोडलं?"

"खाली उतरायचं यंत्र."

"मग उडी मार," ती म्हणाली. तिला वाटलं मी अजून पहिल्यासारखीच आहे.

मी दारातून जमेल तेवढी वाकले आणि हात खाली सोडला. तिनं हात वर केला. बोटं पुरली नाहीत. भावानं तिचा हात मनगटाला धरून उचलला, तेव्हा कुठं माझी बोटं तिच्या बोटांना लागली. तशी ती थोडा वेळ राहिली. मग "ऊन लागतंय, आत न्या मला," म्हणाली. मी तिला जिवंतपणी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

परत आल्यावर पारनेरच्या दवाखान्यातल्या माणसांनी मला स्ट्रेचरवरून अलगद खाली घेतलं आणि गाडी विक्रेत्याकडं पोचली. पार्ट मागवलाय, असं उत्तर मिळालं. गाडी त्यांच्या आवारात उभी असताना एका सकाळी भावाचा फोन आला. "आक्का, आई गेली."

यांनी ॲम्ब्युलन्स शोधली. पारनेरची पेशंट घेऊन पुण्याला गेली होती. नगरचा एकजण म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो. भाऊ म्हणाला, पाहुणे जमलेत, उन्हाळा आहे, संध्याकाळपर्यंत ठेवता येणार नाही. मग यांनी विक्रेत्याला फोन लावला. मी तो फोन ऐकला. एवढी वर्षं संसार केला, पण हा माणूस कुणापुढं असा गयावया करताना मी पाहिला नव्हता. "साहेब, लिफ्ट नसू द्या. आत कसंही घालतो तिला. फक्त गाडी द्या. तिची आई गेलीय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "सगळी खोललीय? सगळीच?" आणि खाली बसले.

भाचीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. गर्दीत तिला धक्के लागत होते, त्यामुळं कधी आई दिसायची, कधी मांडव, कधी कुणाचे तरी पाय. लेकीनं शेवटचं पाणी पाजायचं असतं. भावजयीनं ते माझ्या नावानं पाजलं. "तुमच्या आक्काचं पानी हाय आत्याबाई," असं ती मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू जावं म्हणून. मग रेंज गेली. दहाव्याला मी ॲम्ब्युलन्सनं गेले. दारात ॲम्ब्युलन्स बघून शेजारची म्हातारी विचारत होती, आता कोन आजारी पडलं?

तक्रार करायची, हे मी त्या मोबाईलच्या काळ्या पडद्याकडं बघत ठरवलं. ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. तिथल्या बाईनं नीट समजावलं: आधी तिघांनाही लेखी कळवा, उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जा, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. मी तक्रार स्वतः लिहिली. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेलं, पण 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' या शब्दांत आईची खाट कुठं बसवायची ते कळेना. शेवटी ती एका वाक्यात लिहिली: तक्रारदारास आईच्या अंत्यविधीस हजर राहता आले नाही.

सुनावणीला हे एसटीनं नगरला जायचे. तारीख पडायची, पुढची पडायची. हे दमून यायचे आणि दारातच सांगायचे, "आज त्यांचे वकील आले नाहीत." कधी लिफ्टवाले मुदत मागायचे, कधी गाडीवाले. या सगळ्यात घरात बोलणं कमी झालं. मी चिडायचे, हे ऐकून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "मला त्या माळावरच सोडून यायचं होतं." हे उठून शेवग्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

मला मोबाईलवरून हजर राहायची परवानगी मिळाली. विक्रेत्याच्या वकिलांनी विचारलं, "लिफ्टची वजन पेलण्याची मर्यादा ठरलेली आहे. तक्रारदार बाईंचं वजन किती?"

मी कॉटवर पडून होते. यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी वजन सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. बेरीज मर्यादेच्या आत होती, पण तेवढ्यानं काही झालं नाही. तिथं बसलेल्या अनोळखी माणसांना माझं वजन कळलं, एवढंच त्या दिवशी झालं.

आयोगानं तज्ज्ञांकडून गाडी तपासून घेतली. अहवालात आलं की लिफ्टची चौकट गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडायला हवी होती. ती नुसत्या प्लायवूडला बोल्ट मारून बसवली होती. पाण्याच्या टाकीनं तेच प्लायवूड कुजवलं. बाकी काही गूढ नव्हतं. अध्यक्षांनी विक्रेत्याच्या वकिलांना विचारलं, "यांनी गाडी कुणाकडून विकत घेतली? तुमच्याकडून ना? मग लिफ्ट कुणाची ते तुम्ही आणि लिफ्टवाले आपसात बघा. त्यात या बाईंना कशाला फिरवता?" इतके महिने हेच आम्ही फोनवर सांगत होतो. कुणीतरी दुसऱ्यानं ते बोललं तेव्हा हे मान खाली घालून रडले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. गाडी परत घ्यावी, पूर्ण रक्कम द्यावी, मानसिक त्रासाबद्दल भरपाई द्यावी. विक्रेता राज्य आयोगात अपिलाला गेला. पुन्हा तारखा सुरू झाल्या. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच मिटवलं, पैसे जमा केले.

दुरुस्त न होता परत आलेली गाडी दारात ताडपत्रीखाली उभी होती. न्यायला क्रेन आली. मी खिडकीशी खुर्ची घेतली. यांनी आत जाऊन चहाचं भांडं, चादरी आणि माझी उशी काढून आणली. उशीला बुरशी लागली होती. क्रेननं गाडीचं तोंड वर उचललं, तेव्हा मागचा तिरका पाटा रस्त्याला घासला आणि आळीच्या वळणापर्यंत घासत गेला.

हे आत आले. "गेली एकदाची पीडा," म्हणाले.

मला हो म्हणता येईना. त्या गाडीनं मला आईच्या अंगणात टांगून ठेवलं होतं. आणि पडल्यानंतर दार लावून, कडी घालून मी एकटी बसले होते ती जागासुद्धा तीच होती. तिच्याविषयी काय वाटावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मध्यंतरी यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. दुसऱ्या एका ठिकाणची गाडी होती. "ही चांगली वाटते," म्हणाले. "या वेळी आपण आधी खालून बघू, सांगाडा, बोल्ट, सगळं. कुणाला तरी घेऊन जाऊ दाखवायला."

"जाऊन कुठं यायचं?" मी विचारलं.

शेवगाव म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मोबाईल बंद करून त्यांनी तो उशाशी ठेवला आणि माझ्या पायावरची चादर सारखी केली.