धुरपताबाईची न कापलेली बांधी

तुमच्या ताटातला भात तुरीच्या झाडाला लागतो काय? हसू नका. सरकारी कागद तसंच म्हणतो.

धुरपताबाई आमच्या गावची. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि सासूनं दुसऱ्याच दिवशी धान रोवण्याच्या चिखलात उतरवली. तिथून पंचेचाळीस रोवणे झाले. नवरा उदाराम गेला त्या साली तेरवी आटोपली आणि बाई रोवण्यासाठी धानाची रोपं, पऱ्हे, उपटायला बसली. पोरगी दुर्गेश्वरी फुलचूरला नांदते, "आई, इकडे ये" म्हणते. ही जात नाही. दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी धरणारी खाचरं, आणि त्यांच्या बांधावर, धुऱ्यावर, तूर. धुऱ्यावर तूर आमच्याकडे सगळेच लावतात, घरच्या वरणापुरती. तिला कोणी पीक म्हणत नाही.

नवरात्राच्या तोंडावर पीक पाहणीचा सहायक रूपेश मोबाईल घेऊन आला. धानाचा बोनस पाहिजे तर सातबाऱ्यावर धान दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी शेतात उभं राहून फोटो. तो चपलांसकट बांधीत उतरायला निघाला तशी बाई आडवी झाली.

"बापू, धान गरभात हाये. धुऱ्यावरूनच काढ."

गर्भावर आलेल्या धानात आम्ही पाय देत नाही. दिवस गेलेल्या बाईचा मान असतो त्याला. रूपेशलाही घरी जायची घाई. त्यानं धुऱ्यावरूनच फोटो मारला. पुढ्यात तूर, मागं कुठंतरी हिरवं. ॲपमध्ये पीक भरलं तूर, दोन एकर. वरून बाईनं त्याला ताक पाजलं.

खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला गेली तेव्हा कळलं. सातबाऱ्यावर धान नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बोनस नाही. तालुक्याच्या ऑफिसात तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी सोबत होतो. साहेबानं मान वर न करता सांगितलं, "अम्मा, फोटो झूठ नहीं बोलता. उसमें तुअर है."

बाई म्हणाली, "साहेब, दोन एकर तूर पिकली असती त तुमच्या घरी डाळ पोचवली असती. धान कोणतं न् तूर कोणती, तुमाले वळखू येते काय?"

बाजूचे बाबू हसले. साहेब हसला नाही. पीक उभं असेल तर पाहायला माणूस पाठवतो, मग दुरुस्ती करू म्हणाला. तेही उपकार केल्यासारखं.

बाईनं ते खरं धरलं. गावाची कापणी झाली, कापलेल्या धानाच्या गंजी, पुंजणे, रचले गेले. तिनंही बाकीचं धान कापलं, पण बोडीखालची, म्हणजे गावच्या लहान तळ्याखालची, सगळ्यात मोठी बांधी उभीच ठेवली. साक्षीला. सतरा दिवस झाले, कोणी फिरकलं नाही. लोंब्या झडून राहिल्या. पोपटांची आणि उंदरांची चंगळ आहे. सरकारी माणसाला मात्र वाट सापडत नाही. शेजारची शामकला रोज विचारते, काऊन नासवून राहिली वं बाई, काप ना. ही विळ्याला धार लावून ठेवते. परवा मलाच म्हणाली, "गरभाले पाय नाई लागू देल्ला, हे माह्यं चुकलं काय?"

माझ्या तोंडात शिवीच आली. ती गिळली, ऑफिसात कामी येईल म्हणून. भात दोन्ही वेळा खातात आणि उभं धान ओळखत नाहीत, असल्यांच्या सहीवर या बाईचं शेत काय पिकवतं ते ठरतं.

दुरुस्तीची मुदत शनिवारी संपते. तेव्हा शुक्रवारी सकाळी या. गोंदियाहून येणाऱ्यांनाही शेताचा पत्ता विचारायची गरज नाही. बोडीच्या पाळीवर उभे राहा, सगळीकडे कापलेलं आणि मधे एकच पिवळी बांधी दिसेल. मोबाईल आणा. धान आता पिकलं आहे, आत उतरायला हरकत नाही. चपला धुऱ्यावर काढा, तुरीकडे पाठ करा, मधोमध उभे राहून फोटो काढा. मग ते फोटो घेऊन सगळे मिळून साहेबाच्या टेबलापुढे जाऊ. आणि येताना विळा विसरू नका. परत आल्यावर बाईची बांधी कापायची आहे.