कोरी राहिलेली तारीख

पुरण वाटून झालं, कणीक भिजली, तवा तापला, आणि एकही माणूस आला नाही. संध्याकाळी पुरणाला वास यायला लागला तेव्हा मी ते गाईला घातलं. नवऱ्याचं तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते. पोट याच धंद्यावर होतं. वाटलं, हाही गेला.

पूर्वी मैलापुरात आमच्या पोळ्यांना पत्ता लागत नसे. देवळाच्या तळ्यापाशी फुलवाल्या बाईला विचारलं की ती हातातली वेणी न सोडता हनुवटीने गल्ली दाखवायची. मार्गळी या तमिळ महिन्यात संगीतसभेतलं गाणं सुटलं की बायका रेशमी साड्या सावरत आमच्या ओट्याशी उभ्या. मी लाटायची, हे बांधून द्यायचे आणि वर गाण्यावर मत द्यायचे. मग फुलवाली गेली. लोक फोनला विचारू लागले.

सून पुण्याची, सिरुसेरीला कंप्युटरच्या नोकरीत. तिने आमची वेबसाइट केली आणि आत खुणा घातल्या: हा पदार्थ, हा पत्ता, ही उघडायची वेळ. माणसाला त्या दिसत नाहीत. शोधणारं यंत्र त्या वाचतं आणि आपल्याला वर दाखवतं. खरंच, शहराबाहेरच्या पार आवडी गावाहून गिऱ्हाईक येऊ लागलं.

सुतकात तिने तिथे 'बंद' घातलं. कधीपर्यंत, ते ठरेना. मी म्हणाले, तेराव्यापर्यंत. थोरले दीर म्हणाले, "वर्षभर या घरात पुरण शिजायचं नाही." म्हणून तिने शेवटची तारीख कोरी सोडली. पुढे मी दिरांना न विचारता चूल पेटवली. खुणेची आठवण कुणालाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी थोडंच पुरण केलं. आवडीहून येणारी एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, हातात हार. मला बघून दारातच थांबली.

"मामी, तुम्ही?"

"मग कोण असणार?"

"फोनवर दुकान बंद दिसतंय, किती दिवस झाले. मला वाटलं, तुम्हीच..."

"हार दे इकडे, ह्यांच्या फोटोला घालते. बस, गरम पोळी लाटते."

सुनेला फोन लावला.

"पण आई, काकांनी ठरवलं का?"

"ते ठरवत बसतील. तू 'बंद'ची शेवटची म्हणून कालची तारीख टाक."

तिने टाकली. यंत्राने ती वाचायला काही दिवस घेतले, मग फोन वाजू लागला. येणारा प्रत्येक जण आधी माझं तोंड बघायचा. मी सगळ्यांना तेच सांगितलं. नवरा गेला, मी आहे.