लाल टाका

रामजी शिंपी माप घेता घेता माणसाला प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नाचा कपड्याशी काडीचाही संबंध नसायचा. कामरगावच्या शाळेत मी मास्तर म्हणून नवा रुजू झालो होतो. कोट शिवायचा म्हणून त्याच्यापुढे उभा राहिलो. त्यानं फीत माझ्या खांद्यांवरून फिरवली, थबकला, पुन्हा फिरवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली हाय. काहून?"

मला काय माहीत काहून! बावीस वर्षांचं वय, नवी नोकरी, खिशात साखळीचं घड्याळ. चारचौघांत खांदा वाकडा निघालेला मला मुळीच रुचला नाही. "असेल," म्हणालो.

"असंल नाई, हाय. मी लय लोकाईचे खांदे मोजले. लहानपनी ज्यानं एकाच अंगानं ओझं वाह्यलं, त्याचा तो खांदा खाली. तुमी काय वाहत होते?"

मी लहानपणी नदीवरून घागर वाहत असे, उजव्या खांद्यावरून, रोज चार खेपा. गरिबीची ही गोष्ट मी कामरगावात कुणाला सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हतो. या शिंप्यानं ती फितीनं काढून घेतली. मी चडफडत "घागर" म्हणालो. तो खूश झाला, कानावरची पेन्सिल काढून त्यानं बाजूच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि मग कुठं कोटाची लांबी मोजायला लागला.

कापड-दुकानदार जैन शेठजींच्या ओट्यावर त्याचं हातमशीन असायचं. माझ्याहून वयानं दुप्पट, सडपातळ, गळ्यात फीत, तोंडात बहुतेक वेळा दोरा. मास्तर म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. गावात हे कुणाला खटकत नव्हतं. मला तर नाहीच नाही.

त्याची वही म्हणजे कापडाच्या ठाणाला गुंडाळून येणारे कागद कापून, मशीनवर शिवून केलेला जाडजूड गठ्ठा. शिक्षण तिसरीपर्यंत, अक्षर मोठं आणि वाकडं. त्यात काय काय होतं! माणूस दोन्ही हात पसरतो तेवढीच त्याची उंची असते. गळ्याचं माप दुप्पट केलं की कंबर येते, पण शेठजींची येत नाही. कपाशीच्या एका बोंडात सरक्या किती, ते तीस बोंडं फोडून. म्हैस दिवसातून किती वेळा बसते. बाभळीचा काटा कुठल्या महिन्यात कडक होतो. या माहितीचं तो करणार काय होता? काहीच नाही. एकदा मी तसं विचारलं, तर माझ्याकडं असा पाहत राहिला की जणू मीच काही विचित्र बोललो होतो. "कायले म्हन्जे? हाय म्हनून माईत पाह्यजे ना, बाप्पा!"

पण त्या वहीला एक शिस्त होती, आणि मला सांगायचं आहे ते त्या शिस्तीबद्दलच. स्वतः पाहिलेल्या, मोजलेल्या गोष्टीच्या शेजारी समासात तो सुईनं लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. नुसतं ऐकलेलं असेल तर टाका नाही. खाली फक्त सांगणाऱ्याचं नाव. असल्या नोंदीला तो म्हणायचा, "हे अजून कच्च्या शिलाईवर हाय." साप दूध पितो असं कुणीतरी सांगितलं, तर या गड्यानं वारुळापाशी तीन आठवडे रोज वाटीभर दूध ठेवलं. घरात बायकोनं तोंड सोडलं ते वेगळंच. वहीत नोंद झाली: "साप दूध पेते म्हन्ते. मांजर पेली." आणि मांजरीला लाल टाका.

आम्ही त्याला हसायचो. मी जरा जास्तच. शिकलेला म्हणून तो मला मानायचा, आणि कुणी मानलं की अंगात येणारा जो माज असतो तो माझ्या अंगात पुरेपूर होता.

एका संध्याकाळी ओट्यावर शेठजी आणि आणखी चारजण बसले होते. रामजीनं विचारलं, "मास्तर, पेव उघडलं का आतली हवा खराब राह्यते. थे खराब हवा किती वेळात जाते?"

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत दोन-तीन पुरुष खोल खणलेलं, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पोट रांजणासारखं मोठं. वर्ष वर्ष ते बंद असतं आणि आत माणूस मारणारी हवा साठते. गावाची रीत अशी, की तोंड उघडून एक पूर्ण दिवस पेवाजवळ फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोरीनं पेटता दिवा तळापर्यंत सोडायचा. दिवा टिकला तर माणूस उतरायचा. हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. माझ्या घरी पेवात घालायला ज्वारी कधी नव्हतीच.

माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण चारजण तोंडाकडं पाहत होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अर्धा तास. वायू हलका असतो. तोंड उघडलं की वर उडून जातो."

"अर्ध्याच तासात? कोनी म्हनलं?"

"पुस्तकात आहे."

झालं. पुस्तकात आहे म्हटल्यावर रामजीनं पेन्सिल काढली. लिहिलं, खाली "मास्तर, पुस्तकातून" असं घातलं, आणि मग सुई घेऊन शेजारी लाल टाका मारला. न पाहता, न मोजता मारलेला त्या वहीतला तो एकच टाका. मी तो मारताना पाहिला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना आज माझी मला लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं.

पुढं चार-सहा महिन्यांनी गणपतच्या बहिणीचं लग्न निघालं. गणपत पंचविशीतला शेतकरी, हसरा, घाईचा, रामजीचा जिवलग. रामजीनं मशीन त्याच्याच अंगणात नेऊन मांडलं होतं, लग्नाचे कपडे शिवायला. सुट्टीचा दिवस म्हणून मीही चहाला गेलो होतो. पाहुणे ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी उतरले आणि दळायची ज्वारी संपली. गणपतनं सकाळीच अंगणाच्या कडेचं पेव उघडलं.

त्याचा बाप ओरडला, "अबे, उद्या उतर! आज हवा खाऊ दे त्याले. शेजारून मागून आन पायलीभर."

"सोताचं पेव भरलं असून शेजारी मागू? लोक काय म्हनतीन?" गणपत म्हणाला आणि रामजीकडं वळला. "रामजीभाऊ, तुह्या वहीत तं समदंच राह्यते. पेवाचं काय लिवलं हाय?"

रामजीनं मशीन थांबवलं, वही काढली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "पेव उघडल्यावर अर्ध्या तासात खराब हवा उडून जाते." खालचं नाव वाचलं नाही. माझ्याकडं पाहून फक्त हसला, आपल्या माणसाचं कौतुक असल्यासारखा. "लाल टाका हाय," तो गणपतला म्हणाला.

लाल टाका काय ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बापही गप्प झाला. गणपत मला म्हणाला, "मास्तर, घड्याळ पाहा बरं. उघडून किती झालं?"

मी घड्याळ काढलं. हे मी ठोकून दिलेलं आहे, हे मला त्या क्षणी लख्ख आठवत होतं. तोंडाशी आलंही होतं. पण पाहुणे बसले होते, रामजी हसत होता, आणि मनात म्हटलं, असेलही खरं, कुणी सांगावं? मी म्हणालो, "पाऊण तास."

गणपत टोपली घेऊन दोरीनं उतरला. दोरी सैल झाली. वरून हाका मारल्या. एक, दोन, तीन. उत्तर नाही.

त्याची आई किंचाळली. दोघं-तिघं पेवाकडं धावले, तर रामजी त्यांच्या आडवा आला. "कोनी उतरू नका! मी साठ आकडे श्वास धरतो. मोजलेलं हाय." दोरी कमरेला बांधून तो उतरला आणि वर सगळे मोठ्यानं आकडे मोजू लागले. त्यानं खाली गणपतच्या बगलेत दोर अडकवला आणि पन्नासाला हिसका दिला. दोघांना वर ओढलं. रामजी अंगणात पडून ओकला, खोकला, आणि श्वास घेऊ लागला. गणपत नाही.

दुपारी पंचनाम्याला पाटील आले. गणपतचा बाप भिंतीला टेकून बसला होता. रामजीकडं पाहून तो म्हणाला, "रामजी, तुह्या वहीनं माहं पोरगं खाल्लं." पाटलांनी विचारलं, "अर्धा तास हे तुला कुणी सांगितलं?"

मी चार हात अंतरावर उभा होतो. रामजीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी बोलतो का, एवढंच पाहिलं असावं. मी खाली मातीकडं पाहत राहिलो.

"वहीत माह्या हाताचं हाय," तो म्हणाला. "माहंच हाय थे."

मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही. माझी नोकरी गेली नसती, मला कुणी फासावर दिलं नसतं. अब्रू तेवढी गेली असती, आणि ती गेलेलीच बरी होती.

त्यानंतर लोक रामजीकडं कपडे शिवत राहिले, पण त्यानं "काहून?" म्हटलं की खांदा सोडवून घेऊन चालू लागायचे. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागत. तो मात्र एक काम करत राहिला. गावात कुठंही पेव उघडलं की तो न बोलावता जायचा, लांब उभा राहायचा आणि दिवा सोडला की तो दोरीच्या कितव्या हाताला विझला ते वहीत लिहायचा. शिव्या पडल्या की दोन पावलं मागं सरकून पुन्हा उभा. दुसऱ्या दिवशी परत हजर. एकदा तर कुणी माती फेकून मारली, तेव्हा टोपी झटकत म्हणाला, "मारा, पन दिवा तळाले लागू द्या." हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. रामजी येऊन उभा राहिल्याशिवाय कुणी पेवात उतरेना. गणपतच्या बापानं मात्र त्याच्याशी कधी शब्द काढला नाही.

आणि मला? मला तो नमस्कार करायचा, सदरे शिवायचा, माप घ्यायचा. पण अडीच वर्षांत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. जो माणूस भिकाऱ्यालाही विचारायचा की तुझी काठी कोणत्या झाडाची, तो माझ्या खांद्यावरून मुकाट्यानं फीत फिरवायचा. त्यापेक्षा त्यानं ओट्यावर उभं करून मला शिव्या दिल्या असत्या तर मी झोपलो तरी असतो.

मालेगावला बदली झाल्याचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी शेवटचा सदरा घ्यायला गेलो. शेठजी जेवायला गेलेले, ओट्यावर आम्ही दोघंच. त्यानं सदरा घडी करून दिला. मी उठलो, तसा म्हणाला, "मास्तर, एक विचारू?"

मी पुन्हा खाली बसलो. "विचार."

"थ्या पुस्तकाचं नाव काय होतं? तेवढं लिवाचं राह्यलं."

कुठलंही नाव सांगता आलं असतं. एक जिभेवर आलंही. त्यानं ते लिहून घेतलं असतं, आणि मग दोष त्या पुस्तकाचा झाला असता, ना त्याचा, ना माझा. कदाचित मला सुटायला वाट म्हणूनच त्यानं तसं विचारलं असेल. नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही.

"पुस्तक नव्हतंच, रामजीभाऊ," मी म्हणालो. भाऊ हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला. "मला माहीत नव्हतं. चारजण बसले होते, म्हणून ठोकून दिलं. आणि त्या दिवशी घड्याळ पाहतानाही मला ते आठवत होतं."

तो मशीनचं चाक हातानं उगीच मागं-पुढं करत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"माईत नाई म्हनाचं ना, मास्तर," तो शेवटी म्हणाला. "मी तसंच लिवलं असतं. हे पाहा." त्यानं वही उघडली आणि पानांमागून पानं उलटली. घुबड दिवसा कुठं जाते, माहीत नाही. गारा गोल काहून, माहीत नाही. आरशात उजवं डावं होते, काहून, माहीत नाही. कितीतरी ठिकाणी तेच लिहिलेलं. "यात काय लाज हाय, बाप्पा? तुमच्यासाठी बी जागा होती."

मग त्यानं ते पान काढलं. अर्ध्या तासाची ओळ तशीच होती. शेजारचा टाका उसवलेला होता, सुईची दोन भोकं तेवढी राहिली होती. खाली माझं नाव होतं. अडीच वर्षं ती वही याच ओट्यावर पडलेली असायची, आणि त्यानं ते पान कुणाला दाखवलं नव्हतं.

त्यानं त्या ओळीखाली सावकाश लिहिलं: "पुस्तक नव्हतं. मास्तरांनी सोता सांगितलं." सुई घेतली, पण भरल्या डोळ्यांनी दोरा नेढ्यातून जाईना. त्यानं सुई आणि लाल दोरा माझ्यापुढं धरला. मी दोरा ओवून दिला.

रामजीनं टाका घातला, दातानं दोरा तोडला आणि वही मिटली.

"हे पक्कं," तो म्हणाला.