मामीची मिश्री आणि भट्टीवरची लेक

तुमच्या लेकराच्या तोंडाला कसला वास येतो, हे तुम्ही शेवटचं कधी हुंगून पाहिलं होतं?

माझ्या मामीला तो वास रोज येत होता. भूम गावाजवळ तिच्या घरामागे खव्याची भट्टी आहे. उजाडल्यापासून दुपारपर्यंत कढईत दूध आटतं आणि गोडसर वास साड्यांना, उशांना, केसांना चिकटून बसतो. त्यामुळे लातूरला बारावीच्या क्लाससाठी राहणारी तिची मुलगी सुटीला आली आणि तिच्या ओढणीला व्हॅनिलाचा वास येऊ लागला, तेव्हा मामीला वाटलं, पोरगी भट्टीपाशी बसून अभ्यास करते. बिडीचा धूर असता तर तिनं पहिल्याच दिवशी पकडला असता.

मग एका सकाळी मोबाईलशेजारी चार्जिंगला लावलेली जांभळी नळी तिला दिसली. मी तेव्हा तिथंच मुक्कामाला होते. "हे काय गं? पेन हाय का?"

मी सांगितलं. ही वेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. हिच्या विक्रीवर आपल्या देशात बंदी आहे, तरी ती पोरांच्या दप्तरापर्यंत पोचतेच. व्हॅनिला, आंबा, पुदिना असे वास लावून आत निकोटीनच विकतात आणि गिऱ्हाईक हेरतात ते मिसरूडही न फुटलेलं. मी चळवळीच्या, मोर्चा-पत्रकांच्या घरात वाढले. असं बोलायला लागले की थांबत नाही. पण मामी केव्हाच ती नळी घेऊन अंगणात, अभ्यास करणाऱ्या लेकीपुढं गेली होती.

"याच्यासाठी पाठवलं व्हय गं तुला लातूरला?"

मुलगी पुस्तकातून वरही न बघता म्हणाली, "आई, आधी चूळ भर. मग बोल."

मामीचं बोट अजून दातांवरच होतं. मिश्री. भाजून कुटलेली तंबाखू. सकाळची भट्टी पेटली की ती डबी उघडायची. तिच्या आईनं हेच केलं, आत्यानं हेच केलं.

"तुझ्या डबीत जे हाय, तेच माझ्या नळीत हाय. ताईला विचार."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय गं?"

"व्हय, मामी."

मुलीचा आवाज एकदम खाली आला. "मला सोडायचंय, आई. जमंना गेलंय. पेपर सोडवतानी मधीच उठावं लागतंय. डोकं माझं राहिलंच न्हाय."

दूध वर आलं होतं. मामीनं आधी जाळ ओढला, मग मोरीत जाऊन डबी उपडी केली. परत येऊन म्हणाली, "तू सोड. मी बी सोडते."

"तू? तुला मिश्रीबिगर परसाकडंला तरी व्हतंय का?"

"माझ्या परसाकडंची काळजी तू करू नगंस!"

दोघी हसल्या. मी मात्र त्या रिकाम्या डबीकडं बघत राहिले. लग्नाआधीपासूनची सवय तिनं एका वाक्यावर सोडून दिली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघींनाही दोष दिला नाही. कुणाला काय औषध, कुणाशी नुसतं बोलायचं, हे वय बघून ठरवलं. म्हणाले, चिडचिड होईल, झोप उडेल. तलफ मात्र उसळते तशी काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ हात गुंतवा.

हाताला काम भट्टीनं दिलं. दूध घट्ट होत आलं की उलथणं क्षणभरही थांबवता येत नाही. थांबलं तर खवा बुडाला लागतो आणि सगळ्या कढईला करपट चव येते. मग घरात नियमच झाला: जिला तलफ येईल तिनं उलथणं धरायचं आणि दुसरीनं ते तिच्या हातून घ्यायचं नाही.

मी मोर्चे पाहिलेत, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात. पण त्या पोरीसारखी लढणारी मी पाहिली नव्हती. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी, कधी आईला शिव्या, आणि हात मात्र गोल, गोल, गोल. समोर मामी, तिचंही डोकं ठणकतंय. दोघी कचाकचा भांडायच्या आणि उलथणं फिरतच राहायचं. एकदा मुलगी मैत्रिणीकडं जाऊन वेप ओढून आली. येऊन स्वतःच सांगितलं आणि रडायला लागली. मामी एवढंच म्हणाली, "बरं. धर उलथणं."

त्या तीन शब्दांत जे होतं, ते माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

सुटी संपत आली तेव्हा मुलीनं ओसरीवर सरावाचा पेपर मांडला. मामी भट्टीवरून चोरून बघत होती, मी आतून. मधे एकदा मुलीची मान वर झाली. पेन खाली ठेवलं गेलं. ती तांब्यातलं पाणी प्यायली. तिनं डोळे मिटले, पुन्हा पेन उचललं. शेवटचं उत्तर लिहूनच ती उठली.

"मधी उठली न्हाईस की गं!" मामी ओरडली.

"कशी उठू? पायाला मुंग्या आल्यात!"

मामी पदरानं तोंड पुसत राहिली. बराच वेळ.

लातूरला गेल्यावर पुढं काय होईल, ते कुणालाच ठाऊक नाही. पण तलफ आली की ती आईला फोन करते, आणि कढई चढलेली असली तरी मामी तो उचलते.

तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर आज ओरडू नका. आधी तुमची तंबाखूची पुडी टाकून द्या. मग त्याला विचारा, "सोडायला मी काय करू?" उद्या त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. आणि तलफेची ती काही मिनिटं, कितीही वेळा आली तरी, त्याच्याशेजारी बसून काढा.